नियमशास्त्र आणि प्रीती: यहूदी व ख्रिस्ती धर्मांतील खरा भेद कोणता?

यहूदी धर्म हा नियमांचा धर्म आणि ख्रिस्ती धर्म हा प्रीतीचा धर्म. जुन्या करारातील देव कोपिष्ट व दंड करणारा, तर नव्या करारातील देव दयाळू व क्षमाशील, असे विधान आपल्या उपदेशांतून व धर्मशिक्षणाच्या वर्गांतून वारंवार ऐकू येते. ते सोपे आहे, मुलांच्या सहज ध्यानात राहते आणि त्यामुळे उपदेशालाही धार येते. तथापि ते खरे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पवित्र शास्त्राचा त्याला आधार मिळत नाही. दोन धर्मांमध्ये जो खरा आणि गंभीर भेद आहे तो त्यामुळे झाकला जातो. आणि इतिहासात ह्या विधानाने जी फळे दिली ती कडू आहेत. प्रस्तुत लेखात ह्या तिन्ही मुद्द्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. प्रीतीची आज्ञा कोठून आली?

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभूला विचारला (मार्क १२). प्रभूने दोन वचने जोडून उत्तर दिले. देवावर सर्वस्वाने प्रीती करण्याचे वचन अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील आहे आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे वचन लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आहे. म्हणजे दोन्ही वचने नियमशास्त्राचीच होत. त्या शास्त्र्याने हे उत्तर मनापासून मान्य केले आणि तो देवाच्या राज्यापासून दूर नाही, अशी पावती प्रभूने त्याला दिली. लूकाच्या दहाव्या अध्यायात तर ही दोन वचने एकत्र करणारा मनुष्य स्वतः नियमशास्त्राचा पंडितच आहे.

डोंगरावरील प्रवचनात शत्रूचा द्वेष करण्याविषयीच्या एका उक्तीचा उल्लेख येतो. ती मोशेच्या नियमशास्त्रात असावी, असा अनेकांचा समज असतो. नियमशास्त्रात तशी आज्ञा कोठेही नाही. उलट निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात, शत्रूचा बैल किंवा गाढव भटकलेले दिसले तर ते त्याच्याकडे परत नेऊन पोहोचवावे, असे सांगितले आहे.

देवाच्या दयेविषयीही असेच म्हणता येईल. सोन्याच्या वासराचे पाप घडल्यानंतर परमेश्वर मोशेला आपली ओळख करून देतो, ती दयाळू, कृपाळू व मंदक्रोध अशी (निर्गम ३४). प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे यहूदी वर्षातील सर्वांत पवित्र दिवशी, दुपारच्या उपासनेत सभास्थानांतून योनाचा ग्रंथ वाचला जातो. परराष्ट्रीय निनवेवर देवाने केलेली दया, हाच त्या ग्रंथाचा विषय आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर हनन्या व सप्पीरा ह्यांची कथा आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाचा प्रसंग नव्या करारातलेच आहेत. कृपा आणि न्याय दोन्ही करारांत आहेत, कारण दोन्ही करारांचा देव एकच आहे.

दहा आज्ञांच्या मोजणीचा येथे विचार करण्यासारखा आहे. यहूदी परंपरेत इस्राएलला मिसराच्या दास्यातून बाहेर काढणारा देव मीच, हे आरंभीचे वाक्यच पहिले वचन म्हणून गणले जाते. आपण ख्रिस्ती लोक पहिली आज्ञा त्याच्या पुढल्या वाक्यापासून मोजतो. परिणामी आपल्या मुलांना आज्ञा पाठ असतात, पण त्यांच्या आधी आलेली सुटका विस्मरणात जाते. यहूदी मनुष्य नियम पाळतो तो सुटका कमावण्यासाठी पाळतो, असा आपला समज असतो. यहूदी शिकवणीप्रमाणे सुटका आधी झाली. नियमपालन हा त्या सुटकेला दिलेला प्रतिसाद होय.

२. परूशी कोण होते?

आपल्या भाषेत परूशी हा शब्द ढोंगी ह्या अर्थानेच रूढ झाला आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील कठोर शब्द त्याला कारण आहेत, हे उघड आहे. परंतु ते शब्द घरातल्या माणसाने घरातल्या माणसांना ऐकविलेले आहेत. यशया आणि यिर्मया ह्यांनी आपल्याच लोकांना असेच फटकारले होते. ढोंगी परूश्यांचे प्रकार मोजून त्यांची थट्टा करणारा उतारा स्वतः तालमुदातही आहे, आणि तालमूद हा तर परूश्यांच्याच वारसदारांचा ग्रंथ होय.

योसेफस ह्या पहिल्या शतकातील यहूदी इतिहासकाराने हेरोदाच्या काळातील परूश्यांची संख्या सहा हजारांहून अधिक दिली आहे आणि सामान्य लोकांत त्यांना मोठा मान होता, असे लिहिले आहे. मंदिरात याजकांनी जी पवित्रता राखावयाची, ती प्रत्येक घरात, प्रत्येक जेवणाच्या पंक्तीत यावी, ही त्यांची तळमळ होती, असे अनेक अभ्यासक मानतात. हात धुण्याविषयीचा त्यांचा आग्रह ह्या दृष्टीने पाहिला, तर तो केवळ कर्मकांडाचा हट्ट वाटत नाही.

नवा करारही परूश्यांचे एकरंगी चित्र काढत नाही. हेरोद जिवावर उठला आहे, असा इशारा प्रभूला देणारे परूशीच होते (लूक १३). प्रेषितांच्या बाजूने न्यायसभेत सावधगिरीचे शब्द बोलणारा गमलियेल परूशी होता. यरुशलेमेच्या मंडळीत विश्वास ठेवलेले परूशी होते (प्रेषितांची कृत्ये १५). पौल तर प्रेषित झाल्यावरही न्यायसभेपुढे आपण परूशी आहोत, असे वर्तमानकाळात सांगतो. मेलेल्यांचे पुनरुत्थान सदूकी नाकारत होते आणि परूशी मानत होते. ह्या मुद्द्यावर प्रभू कोणाच्या बाजूला होता, हे वाचकांना सांगावयास नको.

३. एका घराचे दोन वारस

यहूदी धर्म ही माता व ख्रिस्ती धर्म ही कन्या, असे आपण म्हणतो. ह्या उपमेत तथ्य आहे, पण ती अपुरी आहे. आज आपण ज्याला यहूदी धर्म म्हणतो तो जुन्या कराराचा धर्म जसाच्या तसा नाही. इ. स. ७० मध्ये तीताच्या रोमी सैन्याने यरुशलेमेचे मंदिर जाळले. यज्ञ थांबले, याजकपदाचे काम संपले आणि सदूकी पंथ नाहीसा झाला. त्या उद्ध्वस्त घरातून दोन वारस प्रामुख्याने पुढे आले. परूश्यांच्या परंपरेतील गुरूंनी घडविलेला रब्बींचा यहूदी धर्म हा त्यांतील एक आणि येशूला मशीहा मानणारी मंडळी हा दुसरा.

मंदिर गेल्यावर पापक्षमा कशी मिळावयाची, हा प्रश्न दोघांपुढे होता. रब्बींच्या परंपरेत योहानान बेन जक्काई ह्या गुरूची आख्यायिका आहे. मंदिराचे भग्नावशेष पाहून त्याचा शिष्य शोक करू लागला, तेव्हा प्रीतीची कृत्ये हेही तितकेच मोलाचे प्रायश्चित्त आहे, असे सांगून गुरूने त्याचे सांत्वन केले. त्यासाठी त्याने होशेयाच्या सहाव्या अध्यायातील यज्ञापेक्षा दयेला थोर मानणाऱ्या वचनाचा आधार घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने जे वचन दोनदा उच्चारले (अध्याय ९ व १२), ते हेच वचन होय. वचन एक, त्यावर उभ्या राहिलेल्या वाटा मात्र दोन. एका वाटेने प्रार्थना, पश्चात्ताप, दानधर्म आणि नियमशास्त्राचे अध्ययन ह्यांत मंदिराचे कार्य पाहिले; दुसरीने ख्रिस्ताच्या एकदाच झालेल्या अर्पणात पाहिले. रब्बींची मौखिक परंपरा सुमारे इ. स. २०० मध्ये यहूदा हानासी ह्याच्या हातून मिश्ना ह्या ग्रंथात संकलित झाली आणि तिच्यावरील चर्चांतून पुढे तालमूद तयार झाला. आपण जुना करार नव्या कराराच्या प्रकाशात वाचतो, यहूदी तो मिश्ना व तालमूद ह्यांच्या प्रकाशात वाचतात.

ग्रंथांच्या क्रमातही हा भेद दिसतो. यहूदी लोक आपल्या शास्त्राचे चोवीस ग्रंथ मोजतात; प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तोच मजकूर एकोणचाळीस ग्रंथांत विभागलेला आहे आणि कॅथलिक मंडळीत आणखी काही ग्रंथ मिळून ही संख्या शेहेचाळीस होते. आजचे छापील इब्री शास्त्र इतिहासाच्या ग्रंथाने संपते. कोरेश राजा बंदिवानांना यरुशलेमेस वर जाण्याची मोकळीक देतो, तेथे शेवटचे पान मिटते. आपला जुना करार मलाखीने, म्हणजे एलीयाच्या आगमनाच्या अभिवचनाने संपतो, आणि पान उलटताच थोड्याच वेळात बाप्तिस्मा करणारा योहान आपल्यासमोर येतो. एका क्रमाचे तोंड मायभूमीकडे व मंदिराकडे आहे, तर दुसऱ्याचे येणाऱ्या पुरुषाकडे आहे.

हे दोन वारस एका दिवसात वेगळे झाले नाहीत. पहिले शिष्य मंदिरात प्रार्थनेस जात होते. इ. स. ३८६-८७ मध्येही अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोमाला, ख्रिस्ती लोक यहूदी सणांना व सभास्थानांत जातात म्हणून कठोर प्रवचने करावी लागली. सर्वसामान्य लोकांच्या दृष्टीने सीमारेषा तोवर पुरती आखली गेली नव्हती, हाच त्याचा अर्थ होय.

४. मग खरा भेद कोठे आहे?

भेद नाही, असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. दोन्ही धर्म शेवटी एकच, असे म्हणणे हे दोघांचाही अनादर करण्यासारखे आहे. भेदाचे केंद्र एका प्रश्नात आहे: नासरेथचा येशू कोण? त्या प्रश्नातून पुढील चार भेद उद्भवतात.

पहिला भेद मशीहाविषयी. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात तलवारींचे फाळ होतील आणि राष्ट्रे युद्धकला शिकणार नाहीत, असे चित्र आहे. मशीहाचे दिवस म्हणजे हे चित्र डोळ्यांपुढे साकार झालेले असणे, अशी यहूदी श्रद्धा आहे. म्हणून यहूदी मनुष्य आपल्याला विचारतो, मशीहा आला असेल तर जग असे का? हा प्रश्न हट्टातून आलेला नाही. तो शास्त्रातून आलेला आहे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानात त्या नव्या युगाचे प्रथमफळ आले आहे आणि त्याची पूर्णता द्वितीयागमनी होईल, असे आपले उत्तर आहे. म्हणजे पूर्णतेची वाट आपणही पाहतच आहोत.

दुसरा भेद देवाच्या एकत्वाविषयी. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील देव एकच आहे ही घोषणा यहूदी मनुष्य सकाळ-संध्याकाळ उच्चारतो आणि मरणसमयीही तीच ओठांवर असावी, अशी त्याची इच्छा असते. देवाला देह नाही, हे बाराव्या शतकातील मैमोनिदेसने विश्वासाच्या तेरा तत्त्वांमध्ये गणले. त्यामुळे देहधारण व त्रैक्य हे सिद्धांत त्याला मान्य होणे शक्य नाही. आपण तीन देव मानत नाही, हे आपण स्पष्ट सांगितले पाहिजे. पण त्याचा आक्षेप देवाच्या गौरवाच्या आस्थेतून येतो, हेही आपण ओळखले पाहिजे.

तिसरा भेद नियमशास्त्र व देवाची प्रजा ह्यांविषयी. यहूदी धर्मात सहाशे तेरा आज्ञांची गणना आहे. पण त्या साऱ्या जगासाठी आहेत, असे यहूदी मानत नाहीत. परराष्ट्रीयांनी नोहाच्या वंशजांना दिलेल्या सात आज्ञा पाळाव्यात, एवढेच तालमूद सांगतो. म्हणूनच इतरांना आपल्या धर्मात आणण्याची घाई यहूदी लोकांत दिसत नाही. पौलाचा वाद ह्याच ठिकाणी होता. नियमशास्त्र वाईट आहे, असे तो म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात तो त्याला पवित्र म्हणतो. परराष्ट्रीयांनी सुंता न करता, ख्रिस्तावरील विश्वासाने अब्राहामाच्या घराण्यात समान हक्काने यावे, हा त्याचा आग्रह होता. ह्या आग्रहामुळेच आज आपण मराठी माणसे त्या घराण्याची आहोत.

चौथा भेद पाप व प्रायश्चित्त ह्यांविषयी. आदामाच्या पापाने मानवी स्वभाव मुळातच दूषित झाला, ही आपली शिकवण यहूदी धर्मात नाही. माणसात चांगली व वाईट अशा दोन प्रवृत्ती आहेत आणि परमेश्वराकडे परत फिरण्याची वाट सदैव उघडी आहे, असे तो धर्म सांगतो. मिश्नेची एक शिकवण तर आपल्या धर्मशिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावी: माणसाने माणसाविरुद्ध केलेला अपराध, त्या माणसाची समजूत घातल्यावाचून, प्रायश्चित्ताच्या दिवसानेही धुतला जात नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याची प्रभूची आज्ञा (मत्तय ५) आणि ही शिकवण एकाच मातीत रुजलेली आहे.

५. चुकीच्या शिकवणीचे फळ

जुन्या करारातील देव निराळा व हीन आहे, असे शिकविणारा मार्कियोन इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीबाहेर पडला. मंडळीने त्याची शिकवण पाखंड ठरविली. परंतु तिची छाया उपदेशांत राहिली. तिला यहूद्यांनीच ख्रिस्ताला मारले ह्या आरोपाची जोड मिळाली. वास्तविक वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती, आणि प्रेषितांच्या मतांगीकारात ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या संदर्भात पंतय पिलाताचेच नाव आहे.

ह्या बीजाचे पीक इतिहासाने पाहिले. इ. स. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धास निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या नगरांत यहूद्यांच्या कत्तली केल्या. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने यहूद्यांना वेगळा ओळखता येणारा पोशाख सक्तीचा केला. इ. स. १५४३ मध्ये मार्टिन ल्यूथरने यहूद्यांविरुद्ध जहाल पुस्तिका लिहिली. दोष एकाच पंथाचा आहे, असे म्हणून कोणालाही सुटता येणार नाही.

हे सारे दूर युरोपात घडले, असेही आपल्याला म्हणता येत नाही. इ. स. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. तेथील हिंदू समाज व नवख्रिस्ती ह्यांना त्याने दिलेला जाच सर्वज्ञात आहे. परंतु पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहूद्यांचे वंशज हे त्याचे आरंभीचे लक्ष्य होते. इ. स. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथातून भारतीय औषधी वनस्पतींची ओळख युरोपाला करून देणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता अशाच घराण्यातला होता. तो १५६८ मध्ये मरण पावला. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याचे स्वतःचे अवशेषही उकरून जाळण्यात आले. हे सारे प्रीतीच्या धर्माच्या नावाने झाले.

विसाव्या शतकात नाझी राजवटीने सुमारे साठ लाख यहूदी मारले. नाझींची विचारसरणी वंशद्वेषाची होती, ख्रिस्ती नव्हती, हे खरे. पण शतकानुशतके तिरस्कार शिकलेल्या समाजात तिला अडविणारे हात थोडे निघाले. त्यानंतर मंडळ्या जाग्या झाल्या. १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे जागतिक मंडळी परिषदेने यहूदीद्वेष हे देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध पाप आहे, असे जाहीर केले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या वेळच्या वा आजच्या सर्व यहूद्यांवर सरसकट ठेवता येत नाही, असे घोषित केले. १९८४ मध्ये ल्यूथरन जागतिक संघाने ल्यूथरच्या त्या लेखनाचा धिक्कार केला. १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सभास्थानात गेले.

६. आपल्याच भाषेतले यहूदी

यहूदी धर्माची ओळख करून घेण्यास आपल्याला परदेशी जावे लागत नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. इ. स. १८३२ मध्ये जॉन विल्सन ह्या मिशनऱ्याने त्यांच्यासाठी मराठीतून इब्री व्याकरण लिहिले. मिशनच्या शाळांतून ते शिकले, मराठी पवित्र शास्त्र त्यांनी वाचले. तथापि ख्रिस्ती फार थोडे झाले. त्या वाचनाने बहुतेकांची आपल्या वडिलार्जित धर्माची निष्ठा अधिकच डोळस झाली. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलमध्ये स्थायिक झाले, तरी त्यांची सभास्थाने आजही आपल्याकडे आहेत. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान इ. स. १७९६ मध्ये उभे राहिले. त्याच्या इब्री नावाचा अर्थ दयेचे द्वार असा आहे. ज्या धर्मात दया नाही असे आपण मुलांना शिकवितो, त्या धर्माच्या मराठी माणसांनी आपल्या पहिल्या प्रार्थनामंदिराला हे नाव दिले, ह्याचा प्रत्येक उपदेशकाने विचार करावा.

ह्याच समाजात नवस फेडताना वा मंगल प्रसंगी मलिदा करतात. गोड पोहे, खोबरे व फळे ताटात मांडून एलीया संदेष्ट्याचे स्मरण केले जाते. मलाखीच्या शेवटच्या पानावरील तोच हा एलीया. तो योहानाच्या रूपाने येऊन गेला, अशी आपली श्रद्धा. तो यावयाचा आहे, अशी त्यांची. भेद इतका स्पष्ट आहे आणि नाते इतके जवळचे आहे.

७. उपदेशकांनी काय करावे?

उपदेशात परूशी हा शब्द शिवीसारखा वापरू नये. योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तांत वाचताना तेथे यहूदी ह्या शब्दाने बहुधा त्या वेळचे पुढारी अभिप्रेत आहेत, आणि प्रभू, त्याची माता व त्याचे प्रेषित हे सर्व यहूदीच होते, हे सांगावे. दहा आज्ञा शिकविताना त्यांच्या आधीचे सुटकेचे वाक्यही पाठ करून घ्यावे. जुना करार केवळ भविष्यवचनांची खाण म्हणून न वापरता त्यातील संदेष्ट्यांना त्यांच्या काळात बोलू द्यावे.

यहूदी लोकांपुढे साक्ष द्यावी की नाही, ह्याविषयी मंडळ्यांत मतभेद आहेत आणि तो वाद येथे सोडविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु साक्ष खोटी असू नये, ही तर आज्ञाच आहे. शेजाऱ्याच्या धर्माचे खोटे चित्र रंगविणे ही खोटी साक्षच होय. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना रानटी जैतुनाच्या फांद्या म्हणतो. त्या मूळ झाडाला कलम केलेल्या आहेत. फांदीने मुळापुढे फुशारकी मारू नये, असे बजावून देवाची कृपादाने व त्याचे पाचारण परत घेतले जात नाही, असे तो पुढे सांगतो. येशू हाच ख्रिस्त, हे आपण निःसंकोच सांगावे. कारण भेद तेथेच आहे. पण तो भेद सांगताना त्याच्या लोकांची निंदा करण्याचा अधिकार, ह्या कलम केलेल्या फांद्यांना कोणीही दिलेला नाही.